मेंबर नंबर दोनशे अठरा

“तुमच्या बापाचं पुस्तक आहे का हे?”

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की वाचनालयात बाकावर बसलेल्यांचे पेपर एकदम खाली आले आणि त्यामागची तोंडं दिसायला लागली. टेबलापलीकडं उभी असलेली बाई मात्र हलली नाही. पन्नाशी उलटलेली, दोरीचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. तिनं आधी माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“बापाचं नाही,” ती म्हणाली. “माझा बाप गवंडी होता. त्याला वाचता येत नव्हतं. पुढं बोल.”

“पुढं काय बोल? हे बघा, पान एकशे बारा. निंबकर उलटतपासणीला उभे राहिलेत. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. आता त्या डॉक्टरला फाडणार, आणि कडेला पेन्सिलीनं हे तुमचं! ‘असं होत नाही. न्यायाधीश खाली बसवतील.’ अहो, तुम्हाला कुणी विचारलंय?”

“पण बसवतीलच.”

“बसवू देत की! तुमचं काय जातंय?”

“हणमंत, आवाज खाली,” वनारसेकाका टेबलावरनं म्हणाले. वाचनालय तेच सांभाळायचे. “नाहीतर कार्ड जमा कर.”

“आधी ह्यांचं जमा करा, काका. दोनशे अठरा नंबर. मागच्या चिठ्ठीवर बघा, जे जे पुस्तक नासलंय त्याच्यावर हाच नंबर. दोन महिने मागावर होतो मी. सगळी सदतीस पुस्तकं खराब करून ठेवलीत!”

“छत्तीस,” बाई म्हणाली. “सव्विसावं कुणीतरी नेलंय, परतच करत नाही.”

सव्विसावं माझ्या गादीखाली होतं. त्यात निंबकरांची टायपिस्ट कुमुद मरता मरता वाचते, म्हणून दिलं नव्हतं.

“आणि हे कशाला लिहिलंय?” मी दुसरं पान काढलं. “साक्षीदार पटापटा उत्तरं देतोय, निंबकर खूश झालेत, आणि तुम्ही लिहिलंय, ‘ज्याला माहीत नाही म्हणता येत नाही, तो साक्षीदार कामाचा नाही.’ एवढंच सगळं चुकतंय तर वाचता कशाला?”

तेवढ्याला मात्र तिनं उत्तर दिलं नाही. सही केली, आपलं दुसरं पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेली. मी तिच्या मागं ते एकशे बारावं पान जोरात झटकलं. पानाच्या बेचक्यातनं पांढरी भुकटी उडाली. तिच्या प्रत्येक पुस्तकात ती असायची. मला वाटायचं तोंडाला लावायची पावडर असेल.

ह्याला तीन वर्षं झाली. मी सोळाचा होतो. नववीत मास्तरांनी मला डस्टर फेकून मारला, मी तोच परत फेकला. माझा नेम जास्त चांगला निघाला आणि शाळा संपली. मग अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, वडापच्या जीपवर जायला लागलो. तालुका ते आंबेखिंड, सतरा किलोमीटर. मागच्या फळीवर लटकायचं, “खिंड खिंड खिंड” ओरडायचं, माणसं कोंबायची. एकदा एक पॅसेंजर सीटवर पुस्तक विसरून गेला. निंबकरांचं नववं. शिक्का बघून परत द्यायला वाचनालयात गेलो आणि दहावं घेऊन बाहेर पडलो.

ज्यांनी वाचली नाहीत त्यांना सांगतो. ॲडव्होकेट मार्तंड निंबकर, त्यांची टायपिस्ट कुमुद, कारकून किसन, आणि दर पुस्तकात चुकीच्या माणसाला आत टाकणारा फौजदार दळवी. खून नवा, माणसं तीच. खून कुणी केला ह्याचं मला एवढं नव्हतं. पण शेवटाला सगळे दमून बसलेत, केस हातातनं गेली आहे, किसन बशीत चहा ओतून पितोय, आणि तिसऱ्या घोटाला थांबून म्हणतोय, “साहेब, एक गोष्ट राहिली.” ते वाक्य येणार हे माहीत असायचं. तरी ते आलं की मी जीपच्या टपावर उठून बसायचो. गार पाणी प्यायल्यासारखं वाटायचं.

घरात तेव्हा कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. त्याच्या दीड वर्ष आधी म्हसोबाच्या वळणावर समोरनं एक मोटारसायकल येऊन आमच्या जीपवर आदळली. चालवणारा महिपती म्हणून होता, त्याचा पाय नडगीत मोडला. केस अप्पांवर झाली. भरधाव, बेदरकार, चुकीच्या बाजूनं. शिक्षा लागली तर जेल आणि वर लायसन्स जाणार. अप्पांना गाडीशिवाय काही येत नाही. लग्नातसुद्धा ते मांडवात न बसता बाहेर कुणाची तरी गाडी मागंपुढं घेऊन देत असतात.

“सोमवारी पांढरा शर्ट घाल,” अप्पा एका संध्याकाळी म्हणाले. “वकीलबाईंकडं जायचंय. तुझी साक्ष घालायची म्हणतात.”

“बाकीचे पॅसेंजर?”

“कोण रोज बुडवून येतंय? तू त्या दिवशी पुढं बसला होतास. तुलाच दिसलंय.”

वकीलबाईंचं ऑफिस पिठाच्या गिरणीवर होतं. जिना चढतानाच पायाखाली पांढरं लागायला लागलं. वर टेबल पांढरं, फायली पांढऱ्या, खिळ्याला टांगलेला काळा कोट राखाडी झालेला. मी त्या पिठाकडं बघतच राहिलो. मग खुर्चीतल्या बाईकडं बघितलं. दोरीचा चष्मा.

“हा तुमचा मुलगा, बजरंगराव?”

“व्हय बाई. तोंडानं जरा फाटका आहे.”

“माहिती आहे मला,” बाई म्हणाल्या. दारावरच्या पाटीवर नाव होतं, ॲड. विमल मुळीक. “बस रे. काय दिसलं ते सांग. मी तुला काही शिकवणार नाही. शिकवलेला साक्षीदार कोर्टाला लांबनं ओळखू येतो.”

मी सांगायला लागलो. गुरुवार, बाजाराचा दिवस, सकाळचे अकरा. मी अप्पांच्या शेजारी. वळणावर समोरनं मोटारसायकल आली. मागं एक माणूस, त्याच्या मांडीवर शेळी. शेळी ओढ काढायला लागली, तसा चालवणारा मान वळवून मागं बघायला लागला आणि गाडी सरळ आमच्या अंगावर आली. अप्पांनी जीप डावीकडं गटारीपर्यंत दाबली. शेळी आपटली, उठली आणि पळाली. तिचा मालक तिच्यामागं पळाला तो परत आलाच नाही.

“आणि त्याच्या हातात मोबाइल होता,” मी म्हणालो.

अप्पांनी मान हलवली. वडापच्या स्टँडवर मी हे इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांनासुद्धा ते खरं वाटायला लागलं होतं.

“कोणत्या हातात?” बाईंनी विचारलं.

“उजव्या.”

“उजव्या हातानं गाडी पळवतात.”

“मग डाव्या.”

“कसला होता?”

“काळा असणार.”

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि समोरच्या कागदावर एक ओळ सरळ खोडली. “असणार म्हणजे दिसला नाही.”

“मग आपल्याकडं राहिलं काय?” माझा आवाज चढला. “शेळी? शेळीवर कुणी सुटतंय होय? पोलिसांच्या कागदात शेळीचं नाव पण नाही. निंबकरांकडं शेवटी काहीतरी असतं! बंगडीचा तुकडा, बसचं तिकीट, काहीतरी!”

“निंबकरांना लेखक आहे,” बाई म्हणाल्या. “आपल्याला नाही.”

“मग निंबकरांसारखं भांडा तरी! तुम्ही नुसत्या खोडताय!”

“हणम्या!” अप्पा ओरडले. मी खुर्ची ढकलून निघालो. जिन्यापर्यंत पोचलो तेवढ्यात मागनं आवाज आला, “सव्विसावं जपून ठेवलंयस ना? पाणी लागू देऊ नकोस.”

वळूनसुद्धा बघितलं नाही मी.

साक्षीच्या दिवशी कोर्टात बघितलं तर निंबकरांचं काहीच नव्हतं. पंखा खडखडत होता, पोरं रडत होती, पुकारा करणारा शिपाई मधेच तंबाखू मळत होता. आमचं नाव येईपर्यंत साडेतीन वाजले. पिंजऱ्यात उभा राहिलो. देवाशपथ खरं सांगेन म्हणालो. बाईंनी विचारलं तेवढं सांगितलं. मोबाइलचं त्यांनी विचारलंच नाही.

मी बोलायचो एक आणि जजसाहेब टायपिस्टला सांगायचे दुसरंच. मी म्हणालो, “शेळीनं वढ काढली.” साहेब म्हणाले, “मागील इसमाच्या मांडीवरील शेळीने हिसका दिला.” माझ्या तोंडातनं शेळी निघाली आणि कागदावर जाईपर्यंत शहाणी झाली. मला हसू आलं. तेवढ्यात सरकारी वकील उठले.

“शिक्षण किती?”

“नववी. सोडली.”

“सोडली का काढली? मास्तरला डस्टर मारला होता म्हणे?”

मागं कुणीतरी खीं करून हसलं. माझ्या कानशिलात गरम व्हायला लागलं. “त्यांनी आधी मारला,” मी म्हणालो.

“म्हणजे राग लवकर येतो. बापासारखा. गाडीत त्या दिवशी किती माणसं होती?”

अप्पांनी डोळे मिटले. नऊची परवानगी. मी म्हणालो, “चौदा.”

“बरं. तू बरीच पुस्तकं वाचतोस म्हणे, वकिलांची?”

“वाचतो.”

“छान.” त्यांनी टेबलावर एक हात पालथा ठेवला होता. त्याखाली निळ्या कागदाचा कोपरा दिसत होता, पावतीसारखा. मोटारसायकलवाला महिपती मागच्या बाकावर पाय लांब करून बसला होता. सरकारी वकील एकदम गोड आवाजात बोलायला लागले. “तू पुढंच बसलेला. नजर तीक्ष्ण. मग आता कोर्टाला सांग, मोटारसायकल चालवणाऱ्याच्या हातात मोबाइल होता का?”

मला वाटलं देव पावला. ते स्वतःच विचारत होते! एक हो म्हणायचं. अप्पा माझ्याकडंच बघत होते. त्यांचे हात मांडीवर होते, स्टेअरिंग धरल्यासारखे. दारात स्टँडवरचे चार ड्रायव्हर उभे होते. त्यांना सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. मी बाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. पेन्सिलीला टोक करत होत्या.

आणि अंगात असा राग उसळला की वाटलं, आता ह्या माणसाच्या तोंडावर काहीतरी फेकावं. पुस्तकात अशा वेळी निंबकर घड्याळ काढतात. माझ्याकडं घड्याळ नव्हतं, स्टीलचं कडं होतं. मी ते काढलं आणि पिंजऱ्याच्या लाकडी पट्टीवर ठेवलं. ते तिथं कुठं थांबतंय? घरंगळलं, खाली पडलं आणि खणखण करत पार टायपिस्टच्या पायापर्यंत गेलं. सगळं कोर्ट हसलं. शिपायानं ते उचलून आणून माझ्या हातात दिलं, तंबाखूच्या हातानं. तेवढ्यात राग कुठं गेला, मलाच कळलं नाही.

“दिसला नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“मोबाइल दिसला नाही. होता का नव्हता, माहीत नाही.”

सरकारी वकिलांचा हात टेबलावर तसाच राहिला. “पण स्टँडवर तर तू चारचौघांत सांगत होतास की—”

“तिथं खोटं सांगितलं.”

दारातल्या ड्रायव्हरांपैकी कुणीतरी “आयला” म्हणालं. अप्पांनी मान खाली घातली. जजसाहेबांनी पहिल्यांदाच कागदावरनं डोळे वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

“का सांगितलं खोटं?” त्यांनी विचारलं.

“साहेब, पुस्तकात शेवटी काहीतरी सापडतं,” मी म्हणालो. “आमच्यात काही सापडलंच नव्हतं.”

साहेब हसले नाहीत. टायपिस्टला म्हणाले, “लिहा. मोटारसायकलस्वाराच्या हातात मोबाइल मी पाहिला नाही. सदर बाब मी स्टँडवर खोटी सांगितली होती.” मग माझ्याकडं वळून, “मान वळवलेली बघितलीस, ते खरं का तेही स्टँडवरचं?”

“ते दिसलं, साहेब. शेळी तांबडी होती. एक कान फाटका.”

सरकारी वकिलांनी तो निळा कागद हळूच उचलून फायलीत ठेवला आणि शेवटचं विचारलं, “आरोपी तुझा बाप आहे म्हणून तू खोटी साक्ष देतोयस.”

“खोटीच द्यायची असती तर मोबाइल दिला असता की,” मी म्हणालो.

साहेबांनी टायपिस्टला सांगितलं, “हे म्हणणे खरे नाही की, आरोपी माझे वडील असल्याने मी खोटी साक्ष देत आहे.” मला माझंच वाक्य जास्त आवडलं होतं.

बाहेर आल्यावर अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. स्टँडपर्यंत चालत गेलो. ड्रायव्हर लोक बाजूनं जाताना म्हणत होते, “बापाला घालवलंस, हणम्या.” रात्री आईनं ताट वाढलं आणि तीसुद्धा आत निघून गेली. मी सव्विसावं काढून बसलो. त्यात कडेला एकही रेघ नव्हती. कोरी पानं कशी उघडी उघडी वाटत होती.

तीन आठवड्यांनी शेवटची भाषणं होती. अप्पा म्हणाले, तू येऊ नकोस. मी गेलो. दाराशी उभा राहिलो. सरकारी वकील अर्धा तास बोलले. चौदा माणसं, बेफिकीर बाप, कबूल केलेला खोटारडा पोरगा. पंचनाम्यात शेळी नाही, फिर्यादीत शेळी नाही, शेळी फक्त पोराच्या डोक्यात.

मग बाई उठल्या. काय काय कलमं सांगितली. आवाज साधा, भाजीवाल्याशी बोलतात तसा. झालं, असं साहेबांना वाटलं, त्यांनी पेन बंद केलं. बाई बसायला लागल्या. अर्ध्या बसल्या आणि थांबल्या. मग चष्म्यावरनं सरळ दाराकडं, माझ्याकडं बघितलं.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “एक गोष्ट राहिली.”

मी दाराची चौकट सोडून सरळ उभा राहिलो.

“घटनास्थळाचा पंचनामा. पान दोन, बाब क्रमांक चार. ‘रस्त्याच्या मधोमध सुताची दोरी, अंदाजे दोन हात, एका टोकास फास.’ दोरी पोलिसांनी लिहिली. कशाची ते कुणी विचारलं नाही. जीपमधल्या चौदा माणसांना कुणी फास लावून आणत नाही, साहेब.”

साहेबांनी पानं उलटली. बराच वेळ बघत राहिले. पेन परत उघडलं.

अप्पा सुटले. निकालाचं एक पान बाईंनी मला झेरॉक्स काढून दिलं. त्यात लिहिलंय, ‘बचाव साक्षीदार क्रमांक एक याने स्वतःच्या व आरोपीच्या विरोधात जाणाऱ्या बाबी न लपवता कथन केल्या आहेत, त्याअर्थी त्याच्या उर्वरित कथनावर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही.’ मी ते अप्पांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “उर्वरित म्हणजे काय रे?” मी सांगितलं. ते उठले, गाडीतला फडका घेतला आणि पुढची काच घासत बसले. ती आधीच साफ होती.

संध्याकाळी मी सव्विसावं घेऊन गिरणीवर गेलो.

“दोरीचं मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू दोरीचा रंगसुद्धा सांगितला असतास.”

“आणि तो निळा कागद?”

“अपघाताच्या आठवड्यात महिपतीचा मोबाइल दुकानात दुरुस्तीला होता. त्याची पावती.” बाईंनी पुस्तकावरचं पीठ फुंकलं. “तू हो म्हणाला असतास तर ती पुढं आली असती. मग शेळी, दोरी, कान, सगळं गेलं असतं.”

मी खुर्चीत बसलो. खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता.

“बाई, त्या दिवशीचं सांगा की. एवढं चुकीचं असतंय तर वाचता कशाला?”

त्यांनी बराच वेळ पुस्तकाची पानं मागंपुढं केली. मला वाटलं परत टाळतायत.

“एकतीस वर्षं झाली मला,” त्या म्हणाल्या. “पक्षकार येतात, ह्या खुर्चीत रडतात, जेवणसुद्धा इथंच करतात. मग निकाल लागतो. हरले की तोंड दाखवत नाहीत. सुटले तर त्याहून दाखवत नाहीत. बाजारात दिसले तर पलीकडनं जातात, मला बघितलं की त्यांना केस आठवते. त्यात त्यांची काही चूक नाही.” त्यांनी सव्विसावं उघडलं. “हा किसन मात्र येतो बघ. दर वेळी. तोच चहा, तीच बशी.”

उठलो. दारात जाऊन म्हणालो, “उद्या येऊ का?”

“कशाला? तुझी केस संपली.”

“पान अठ्ठ्याण्णववर कुमुद वकीलसाहेबांच्या परवानगीशिवाय साक्षीदाराला भेटते. ते चालतं का विचारायचं होतं.”

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली.

तेव्हापासून जातोय. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं दहावीला बसलोय, ते पण त्यांनीच भरायला लावलं. आता पुस्तकात कडेला दोन पेन्सिली असतात, एक त्यांची, एक माझी, आणि वनारसेकाका दोघांनाही शिव्या घालतात. परवा एका पोरानं तक्रार केली म्हणे, ‘कोण लिहितंय हे?’ म्हणून. काकांनी त्याला आमचे दोन्ही नंबर दिलेत. येईल तो भांडायला.

आणखी बरंच सांगायचं होतं, पण वनारसेकाकांचा आत्ताच फोन आला. अडतिसावं आलंय. एकच प्रत आहे. बाई कोर्टातनं साडेपाचला सुटतात, आणि आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. मला निघायलाच पाहिजे.